कावड आणि दोरी

(पहूर, ता. जामनेर इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बाज तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



विषय दिलाय अपंगांचे हक्क आणि रोजचं जगणं. पण मी मराठीचा मास्तर, त्यामुळे कायद्यापासून सुरुवात न करता एका गोष्टीपासून करतो. समीक्षा पुस्तकाचीच करायची असते असं नाही. जी गोष्ट आपण घरोघरी सांगतो, तिचीही कधीतरी करावी.

गोष्ट श्रावणबाळाची. खांद्यावर कावड, एका पारड्यात आई, दुसऱ्यात वडील, दोघंही आंधळे, आणि निघालाय यात्रेला. हे चित्र आमच्या लहानपणी कॅलेंडरवर असायचं, शाळेच्या भिंतीवर असायचं. मी स्वतः ही गोष्ट तीसेक वर्षं वर्गात सांगितली. एकदा घरी ओट्यावर बसून दुसऱ्या दिवशीच्या पाठाची तयारी करत होतो. माझी मोठी बहीण, आक्का, शेजारी तूर निवडत होती. तिचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेलेले. ती मान वर न करता म्हणाली, "बापू, ते आंधळे होते ना? मग कावडीत कशाला बसवले? त्यांचे पाय तर चांगले होते."

(हशा)

मीही असाच हसलो होतो. "म्हातारे होते गं," म्हणालो आणि विषय संपवला. पण ते वाक्य काही माझ्या डोक्यातून गेलं नाही. आजचं सगळं व्याख्यान त्या एका वाक्यावरच आहे असं समजा.

आता ही गोष्ट जरा नीट वाचू. गोष्टीत कोण बोलतं आणि कोण गप्प आहे, हे आधी बघायचं. आई-वडील किती वेळा बोलतात? तीनदा. आम्हाला यात्रेला ने. आम्हाला तहान लागली. आणि शेवटी दशरथाला शाप. कोणत्या वाटेनं जायचं, कुठे थांबायचं, थोडं चालू का, यातलं काही त्यांच्या तोंडी नाही. त्यांची नावं काय? काही ठिकाणी सापडतात. पण इथे बसलेल्यांपैकी कोणाला चटकन आठवतात का? बघा, नाही आठवत. मुलाचं नाव आठवतं, मारणाऱ्या राजाचं आठवतं. ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप चाललाय त्यांचं नाही. कारण ही गोष्ट त्यांची नाहीच. ती मुलाच्या पुण्याची गोष्ट आहे, आणि ते पुण्य दिसावं म्हणून दोन माणसं पारड्यात बसवलेली आहेत.

शेवट बघा. वाहणारा गेला, त्याच्या मागे तेही गेले. पुत्रशोक म्हणून आपण ते सांगतो आणि ते खरंच आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. रानात दोन माणसं बसली आहेत. पाणी किती पावलांवर आहे हे त्यांना माहीत नाही, कारण ती वाट त्यांच्या पायांखालून कधी गेलीच नाही. मुलगा जिवंत असताना ही अडचण जाणवली नाही. तो गेला त्या क्षणी कळलं की त्यांच्याकडे दुसरं काहीच नाही.

ज्यांच्या घरी अपंग मूल आहे, त्या आई-बापांना रात्री झोप का लागत नाही विचारा. "आमच्यामागं याचं कसं?" हा एकच प्रश्न असतो. श्रावणाची गोष्ट तिथेच संपते, आणि त्या घरांची खरी गोष्ट तिथून सुरू होते.

आणि ही नुसती जुनी गोष्ट नाही हं. आपल्या राज्य सरकारची वृद्धांसाठीची जी पेन्शन आहे, तिचं नावच 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना'. पैसा मिळतो ते चांगलंच आहे, मिळायलाच हवा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी नावाबद्दल बोलतोय. हक्काची रक्कम देतानासुद्धा शासन मुलाच्या भूमिकेत उभं राहतं, आणि घेणारा नागरिक पारड्यात बसतो. नाव देणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आपल्या सगळ्यांच्याच मनात तेच चित्र आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता तुम्ही म्हणाल, सर, दुसरं चित्र आहे कुठे? आहे. आणि ते दूर नाही. आपल्या गावातून जी वाघूर वाहते, तिच्याच काठाने वर जा. वीस-पंचवीस किलोमीटरवर अजिंठा. तिथलं दहावं लेणं सगळ्यात जुन्यांपैकी एक. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्तानं तिथे पोचला आणि खांबावर स्वतःचं नाव कोरून गेला, ते हे लेणं. त्या लेण्याच्या भिंतीवर श्यामजातक रंगवलंय. सतराव्या लेण्यातही ते आहे. श्यामजातक म्हणजे श्रावणाचीच गोष्ट, बौद्ध परंपरेतली. पालीत त्याचं नाव साम. आंधळे आई-वडील, सेवा करणारा मुलगा, पाणी आणायला नदीवर जाणं, राजाचा बाण, सगळं तेच. शेवट तेवढा वेगळा, इथे मुलगा वाचतो आणि आई-वडिलांना दृष्टी येते.

पण माझा जीव अडकला तो मधल्या एका लहानशा तपशिलात. पाली कथेत असं येतं की आई-वडिलांची दृष्टी गेल्यावर साम त्यांना आश्रमात आणतो आणि पहिलं काम काय करतो? सगळीकडे दोऱ्या बांधतो. रात्रीची जागा, दिवसाची जागा, वेगवेगळ्या कुट्या. दोरी धरली की कुठे जायचं ते कळतं.

मंडळी, ही दोरी साधी वस्तू नाही. अडीच हजार वर्षांच्या परंपरेतली कथा आपल्याला सांगते की आंधळ्या माणसाला उचलायची गरज नसते, त्याच्या हाताला वाट लागायची गरज असते. दोरी एकदा बांधली की मुलगा घरी असो, रानात असो, झोपलेला असो, आई मध्यरात्री उठून जिथे जायचं तिथे जाऊ शकते. कोणाला हाक मारायला नको, कोणाचे आभार मानायला नकोत.

कावड आणि दोरी. दोन्हींत प्रेम आहे. कावडीतलं प्रेम कमी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. फरक एवढाच, की कावड चालते तोवर वाहणारा लागतो, आणि कुठे जायचं ते वाहणारा ठरवतो. दोरीत ते धरणारा ठरवतो.

जातकावरही थोडी टीका करतो, नाहीतर समीक्षा एकतर्फी होईल. त्याच कथेत पुढे येतं की त्या दिवसापासून तो त्यांना आतच ठेवतो. फळं-कंदमुळं आणायला, पाणी आणायला तो एकटा जातो. म्हणजे दोरी आश्रमापुरतीच. नदीपर्यंत कोणी बांधली नाही. ती नदीपर्यंत बांधली असती तर कथेचं काय झालं असतं कोणास ठाऊक. आपल्यापुढचं काम मात्र तेच आहे. घरातली दोरी बाहेर न्यायची. बाजारापर्यंत, दवाखान्यापर्यंत, एस. टी.पर्यंत.

आता थोडं घरचं सांगतो, कारण मी हे पुस्तकातून शिकलो नाही.

मी आक्कापेक्षा धाकटा. पण आठ-नऊ वर्षांचा झालो आणि तिला पाठीवर घेऊन शाळेत न्यायला लागलो. पुढे सायकल आली, मग कॅरिअरवर. गावात मला श्रावणबाळच म्हणायचे. एकदा पंधरा ऑगस्टला माझा नारळ देऊन सत्कार झाला. आक्का समोर सतरंजीवर बसली होती. वर्गात पहिली यायची ती. सत्कार उचलणाऱ्याचा झाला, शिकणारीचा नाही. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. छाती फुगली होती माझी.

मग मी डी.एड.ला दुसऱ्या गावी गेलो. दोन वर्षं. आक्काची शाळा तिथेच सुटली. शाळा होती तिथेच होती, मास्तर होते, आक्काची हुशारी होती, वह्या-पुस्तकं होती. फक्त मी नव्हतो. एका पोराची पाठ नसली की एका मुलीचं शिक्षण संपतं, असा तो सगळा डोलारा होता, आणि त्याचंच आम्ही कौतुक करत होतो.

पुढे फार वर्षांनी तिला चाकाची खुर्ची मिळाली. पण आमचा ओटा दोन वीत उंच. खुर्ची घरात फिरायची, दारापर्यंत यायची आणि थांबायची. बाहेर जायचं तर दोघांनी खुर्चीसकट उचलायचं. शेजारची पोरं चांगली, हाक मारली की यायची. "घाबरू नको आक्का, आपन उचलतो ना!" पण ती हाकच मारायची नाही. मला वाटायचं तिला बाहेर आवडत नाही.

मग पुतण्यानं मोटरसायकल घेतली. गाडी ओट्यावर चढवायची म्हणून गवंडी बोलावला आणि एका दुपारात सिमेंटचा उतार झाला. तुम्ही घरी जाताना बघा, आपल्याकडे ज्याच्या घरी गाडी आहे त्याच्या ओट्याला उतार आहे. कोणी अर्ज केला नाही, योजना आली नाही, निधी मागितला नाही. गाडी आली, उतार झाला. आक्का तीस वर्षं त्या घरात होती.

(थोडा वेळ शांतता)

तिनंच गवंड्याला सांगितलं, "दादा, गाडीला एवढा खडा चालतो, मला नाही चालायचा. लांब कर." त्यानं वळवून लांब केला. पहिल्या दिवशी ती एकटी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेली आणि पाव किलो साखर घेऊन आली. घरात साखर होती.

एवढंच. यापुढे मी तिच्याबद्दल काही सांगणार नाही. ती इथे असती तर म्हणाली असती, माझं काय सांगत बसलास.

आता बाहेरचं बघू. अजिंठ्याचंच घ्या. फर्दापूरच्या टी पॉइंटपासून बसने पायथ्याशी गेलात की पुढे पायऱ्या. ज्याला चढवत नाही त्याच्यासाठी डोली असते, खुर्चीला दांडे लावलेली, माणसं खांद्यावर उचलून नेतात. ती माणसं घाम गाळून पोट भरतात, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. लेणी डोंगरात कोरलेली, जागतिक वारसा, तिथे कुठेही सिमेंट ओतता येणार नाही हेही मान्य. पण गंमत बघा. भिंतीवर दोरीवाल्या मुलाची कथा रंगवलीय, आणि ती बघायला जाणारा मात्र कावडीतून जातो.

बरं, यावर उपाय सुचला नव्हता असंही नाही. जपानच्या अर्थसाहाय्यातून पायथ्याशी पर्यटक केंद्र उभं राहिलं. त्यात १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती केल्या. सतरा क्रमांकाचं, म्हणजे श्यामजातक असलेलंही त्यात आलं. ज्याला डोंगर चढवत नाही त्यालाही खालीच लेणं बघता येईल अशी ती सोय. काही वर्षांतच ते वीज-पाण्याच्या थकलेल्या बिलांपायी बंद पडलं. दोरी बांधायला पैसा मिळाला, ती राखायला मिळाला नाही. हे आपल्याकडे फार होतं. उद्घाटनाला सगळे येतात, बिल भरायला कोणी नसतं.

दुसरं उदाहरण मुंबईचं, तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. ऑक्टोबर २०२३. विराली मोदी, अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारी, स्वतः चाकाच्या खुर्चीवर असणारी तरुणी. तिचं लग्न नोंदणी पद्धतीनं होतं, खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. अधिकाऱ्यांनी खाली यावं अशी विनंती केली, ते आले नाहीत. मग नवरीला उचलून दोन मजले चढवलं. नंतर तिनं ते जाहीरपणे लिहिलं. तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी माफी मागितली, उच्च न्यायालयानंही स्वतःहून दखल घेतली.

मला विचाराल तर या प्रसंगातली खरी गोष्ट पायऱ्यांची नाही. आजूबाजूच्या बऱ्याच लोकांना वाटलं असेल, त्यात काय एवढं, उचलून नेलं ना, लग्न झालं ना? हेच ते. आपण उचलतो, म्हणून काम होतं. काम होतं, म्हणून लिफ्ट होत नाही. आपला चांगुलपणाच पायऱ्यांना जीवदान देतो. खानदेशातला माणूस मदतीला कधी मागे नसतो, आणि मला भीती त्याचीच वाटते. जिथे चार माणसं उचलायला धावतात, तिथे उतार कोणाला आठवत नाही.

आणि उचलणं म्हणजे अंगाला हात लावणं. याच विराली मोदीनं २०१७ साली जाहीरपणे मांडलं होतं की रेल्वेत चढवताना उचलणाऱ्या हमालांनी तिच्याशी गैरवर्तन केलं. बायाबापड्या इथे बसल्यात, त्यांना जास्त सांगायला नको. चालत जाणाऱ्या बाईला कोणी हात लावला तर ती ओरडेल. उचलून घेतलेली बाई ओरडली तर लोक म्हणतात, मदत करतोय ना तो? कावडीत बसणाऱ्याला "नको" म्हणता येत नाही. सन्मान सन्मान म्हणतात तो याच ठिकाणी जातो.

आता कायदा. थोडक्यात सांगतो, पण ऐका, कारण ही दोरी लेखी आहे. पहिला कायदा १९९५चा. दुसरा २०१६चा, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. कलम ४४ म्हणतं, सुगम्यतेचे निकष पाळल्याशिवाय इमारतीला पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही. कलम ४५ म्हणतं, ज्या सार्वजनिक इमारती आधीच उभ्या आहेत त्या नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम करा. नियम आले जून २०१७ मध्ये. पाच वर्षं कधी संपली ते तुम्हीच मोजा.

मग अडलं कुठे? राजीव रतुरी नावाचे दृष्टिहीन कार्यकर्ते २००५ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयानं त्यात एक महत्त्वाचा निकाल दिला. कायद्यात लिहिलंय 'करावंच लागेल', पण नियम १५ मध्ये जे निकष होते ते 'करावे असे वाटते' अशा थाटाचे होते. न्यायालय म्हणालं, हे चालणार नाही, नियम कायद्याशी विसंगत आहे. किमान काही निकष असे हवेत की ज्यांतून सुटका नाही, आणि ते ठरवायला केंद्राला तीन महिने दिले. मराठीच्या मास्तराला यात काय दिसतं? क्रियापदाचं रूप! 'करावे' आणि 'केलेच पाहिजे' यांच्यातल्या फटीत एवढी वर्षं माणसं पायऱ्यांपाशी थांबली होती.

त्यानंतर ३० एप्रिल २०२५चा निकाल. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गेलेल्या बाया बँकेचं के.वाय.सी. करायला गेल्या, तर मोबाईल म्हणतो, डोळे मिचकवा. ज्याला पापणीच मिटता येत नाही तो कसा मिचकवणार? मग तो माणूस जिवंत नाही असं यंत्रानं समजायचं? त्यांच्याबरोबर एका दृष्टिहीन वकिलाचीही याचिका होती. न्यायालयानं सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि सरकारला वीस निर्देश दिले. म्हणजे पायरी फक्त दगडाची नसते. मोबाईलच्या पडद्यावरही असते.

आपल्या गावातल्या अशा न दिसणाऱ्या पायऱ्या सांगू? ग्रामपंचायतीची सूचना व्हॉट्सॲपवर येते, कागदाचा फोटो काढून. दृष्टिहीन माणसाच्या फोनमध्ये टॉकबॅक असतं, ते लिहिलेलं वाचून दाखवतं. फोटोपाशी बरेचदा अडतं. त्याच चार ओळी खाली टाइप केल्या की झाली दोरी, खर्च शून्य. आपल्या महाराष्ट्रात स्वागत थोरात यांनी २००८ साली 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. बोटांनी वाचायची बातमी. तीही दोरीच. बहिऱ्या माणसाला या व्याख्यानाचा काही उपयोग नाही, पण हे उद्या लिहून टाकलं तर आहे. आणि आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. कायद्यानं तेही अपंगत्व धरलंय. बाहेरून पोरगा धडधाकट दिसतो, आतून हाडं ठणकत असतात, आणि एस.टी.त कोणीतरी म्हणतं, "काय भो, तरणाताठा असून बसून राहिला?" त्याला काय लागतं? उतार नको, दोरी नको. आपण त्याच्यावर विश्वास ठेवला पाहिजे.

शब्दांबद्दलही विचारतात, अपंग म्हणायचं की दिव्यांग? 'दिव्यांग' शब्द २०१५ नंतर सरकारी झाला. आपल्या राज्यात आता त्या नावाचा स्वतंत्र विभागही आहे. मला त्यात पुन्हा श्रावणाचीच गोष्ट ऐकू येते. अंगात काही दिव्य आहे म्हटलं की माणूस मखरात बसतो, आणि मखरातल्या देवाला संडासाला जायला लागतं हे कोणाच्या लक्षात येत नाही. पण ज्याला जो शब्द आवडेल तो त्यानं वापरावा. माझं म्हणणं एवढंच, की आधी नाव विचारा. आक्काला आक्का म्हटलेलं पुरत होतं.

शेवटी मापाचं सांगतो, म्हणजे घरी जाऊन उपयोग होईल. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं माप आहे एकास बारा. आपल्या भाषेत, एक वीत चढायचं तर बारा वीत उतार. दोन वीत ओट्याला चोवीस वीत, म्हणजे अठरा फूट. त्यापेक्षा खडा असेल तर तो घसरगुंडी असतो, उतार नसतो. बऱ्याच सरकारी इमारतींना उतार दिसतो, पण तो फोटोसाठी असतो. त्यावरून खुर्ची नेली तर माणूस उलटा पडेल. आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. पुढच्या ग्रामसभेत उभं राहून शांतपणे विचारा, यंदा ते कशावर खर्च झाले? वस्तू वाटल्या असतील तर चांगलंच. पण एखादी दोरी बांधली का? ज्यांच्यासाठी आहे त्यांना विचारून बांधली का? आणि त्यांना ग्रामसभेत यायला वाट होती का, हा प्रश्न त्याच्याही आधीचा.

मी श्रावणबाळ होतो, मंडळी, म्हणून मला बोलायचा हक्क आहे. मला नारळ मिळाला आणि माझ्या बहिणीची शाळा गेली. हा हिशेब माझ्यानं अजून मिटला नाही. तुमच्या घरी कोणी कावड वाहत असेल तर त्याला नावं ठेवू नका, तो प्रेमानंच वाहतोय. फक्त त्याला गवंड्याचा नंबर द्या.



प्रश्नोत्तरं

एक श्रोता : सर, तुमचं पटलं, पण यातून पोरांवर चुकीचा संस्कार नाही का होणार? आई-बापाची सेवा करू नका असं तर नाही ना?

उत्तर : नाही, नाही. सेवा कराच. साम काय सेवा करत नव्हता? पण सेवा कशाला म्हणायचं तेवढं बघा. म्हाताऱ्या वडिलांना रोज हाताला धरून न्हाणीघरात नेणं ही सेवा आहे. आणि न्हाणीघराच्या भिंतीला धरायला दांडी बसवणं, घसरणारी फरशी बदलणं, हीपण सेवा आहे. पहिली रोज दिसते, लोक कौतुक करतात. दुसरी एकदाच करायची असते, नंतर कोणाला दिसतही नाही. मला दुसरी मोठी वाटते. कारण वडिलांना रात्री दोनला तुम्हाला उठवायचा संकोच वाटत असतो. ते तुम्हाला सांगणार नाहीत.

दुसरा श्रोता : गावात असे लोक किती? चार-दोन लोकांसाठी एवढा खर्च कसा करायचा?

उत्तर : २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले. शंभरात दोनच्या वर. आणि ती नोंद जुन्या, कमी प्रकारांची, २०१६च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांच्या आधीची. पण मी आकड्यानं उत्तर देत नाही. तुम्ही म्हणता, गावात दिसत नाहीत. आक्काही तीस वर्षं गावात दिसली नव्हती. उतार झाला आणि दिसायला लागली. आधी मोजू आणि मग बांधू म्हणाल तर मोजायला कोणी बाहेरच येणार नाही. शिवाय त्या उतारावरून फक्त खुर्ची जात नाही. गरोदर बाई जाते, गुडघे दुखणारी आजी जाते, कापसाच्या गठड्या नेणारा जातो, कडबाकुट्टीत हात गेलेला आणि पिशवी दुसऱ्या हातात धरलेला माणूस जातो. तुम्ही-आम्ही साठी ओलांडलेले आहोत, आपणही जाणार. आणि तुमची मोटरसायकल तर आजच जातेय.

(हशा, टाळ्या)